मोठ्या जाळ्यातील कमाल प्रवाह: कोणते अल्गोरिदम निवडावे आणि का?

दीर्घवृत्त (धागाकर्ता)

नमस्कार. गेले तीन आठवडे मी एका वाटपाच्या प्रश्नाशी झटतो आहे आणि आता जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. माझ्याकडे २०,००० कामे आणि ३,००० माणसे आहेत. प्रत्येक काम एकाच माणसाला द्यायचे आहे, प्रत्येक माणूस जास्तीत जास्त ८ कामे घेऊ शकतो, आणि कोणते काम कोणाला जमते याची यादी तयार आहे. त्या यादीत सुमारे ४ लाख जोड्या आहेत. शक्य तितकी जास्त कामे मार्गी लागावीत, एवढीच अपेक्षा आहे.

हा कमाल प्रवाहाचा, म्हणजे ठरावीक क्षमतेच्या कडांच्या जाळ्यातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जास्तीत जास्त किती वाहून नेता येईल याचा, प्रश्न आहे हे माझ्या लक्षात आले. सोर्सपासून (प्रवाहाच्या उगमापासून) प्रत्येक कामाकडे १ क्षमतेची कड (दोन नोडांना, म्हणजे जाळ्यातील बिंदूंना जोडणारा दुवा), कामापासून ते जमणाऱ्या माणसांकडे कडा, आणि प्रत्येक माणसापासून सिंककडे (प्रवाहाच्या शेवटाकडे) ८ क्षमतेची कड अशी रचना मी केली. सुरुवातीला डीएफएस (एकाच वाटेने खोलवर जाणारा शोध) वापरून साधा फोर्ड-फुलकर्सन लिहिला, नंतर बीएफएस (जवळच्या नोडांपासून थराथराने जाणारा शोध) वापरून एडमंड्स-कार्प लिहिला. छोट्या नमुन्यांवर दोन्हींची उत्तरे बरोबर येतात, परंतु पूर्ण माहितीवर पायथॉनमधील प्रोग्राम चार तासांहून अधिक काळ चालतो. डिनिक, पुश-रिलेबल, नेटवर्क सिम्प्लेक्स अशी बरीच नावे वाचनात आली. प्रत्येकाची गुंतागुंत (जाळ्याच्या आकारानुसार लागणारे काम) वेगळ्या सूत्रात दिलेली असते, आणि त्या सूत्रांवरून माझ्या जाळ्यासाठी काय योग्य ठरेल हे मला ठरवता येत नाही.

त्रिज्या

प्रश्न अतिशय नेमका मांडला आहे. जाळ्याचा आकार आणि क्षमता दोन्ही दिल्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. मी नोडांच्या संख्येला एन आणि कडांच्या संख्येला एम म्हणते.

आधी मूळ कल्पना स्पष्ट असू द्यावी, कारण या विषयातील जवळजवळ सर्व अल्गोरिदम एकाच पायावर उभे आहेत. एखाद्या कडेतून प्रवाह सोडला की त्या कडेची उरलेली क्षमता कमी होते आणि तितक्याच क्षमतेची एक उलटी कड तयार होते. या उलट्या कडेचा अर्थ असा, की आधी घेतलेला निर्णय पुढे मागे घेण्याची मुभा आपण राखून ठेवली आहे. अशा सर्व सुलट्या आणि उलट्या कडांचे मिळून जे उर्वरित जाळे बनते, त्यात सोर्सपासून सिंकपर्यंत वाट सापडली तर प्रवाह वाढतो आणि वाट उरली नाही तर प्रवाह कमाल असतो.

वाट कोणती निवडायची, एवढाच प्रश्न मग उरतो, आणि तोच कळीचा आहे. चार नोडांचे जाळे डोळ्यांपुढे आणा: सोर्स, अ, ब आणि सिंक. सोर्सपासून अ आणि ब यांच्याकडे, आणि त्या दोघांपासून सिंककडे अशा चार कडा, प्रत्येकी १,००० क्षमतेच्या. शिवाय अ पासून ब कडे जाणारी एकच कड, क्षमता १. नीट निवड केली तर दोन वाटांत २,००० एकक प्रवाह पूर्ण होतो. परंतु पहिल्या वेळी सोर्स-अ-ब-सिंक ही वाट घेतली, दुसऱ्या वेळी मधली कड उलटी वापरून सोर्स-ब-अ-सिंक ही घेतली, आणि असेच आलटून पालटून चालू ठेवले, तर दर फेरीला एकच एकक पुढे सरकते आणि २,००० फेऱ्या लागतात. काही जाळ्यांत क्षमता अपरिमेय संख्यांमध्ये असतील तर वाईट निवडीमुळे अल्गोरिदम थांबतच नाही, असेही होऊ शकते. एडमंड्स आणि कार्प यांनी १९७२ मध्ये दाखवले की दर वेळी कमीत कमी कडांची वाट घेतली तर क्षमता कितीही मोठ्या असोत, एकूण काम एन × एम² च्या प्रमाणात राहते.

आता हेच सूत्र तुमच्या जाळ्याला लावून पाहा. २३,००० गुणिले ४ लाखांचा वर्ग म्हणजे सोळा अंकी संख्या होते. तेवढे काम तुमच्या प्रोग्रामने केले असते तर तो चार तासांत काय, चार वर्षांतही संपला नसता. म्हणजे ही वरची मर्यादा तुमच्या बाबतीत खरी असली तरी निरुपयोगी आहे. तुमच्यासाठी साधी मर्यादा जास्त जवळची आहे: कमाल प्रवाह २०,००० हून अधिक असू शकत नाही, प्रत्येक वाट किमान एक एकक पुढे नेते, आणि एका शोधात उलट्या कडा धरून सुमारे ८ लाख कडा तपासल्या जातात. गुणाकार १६ अब्ज होतो. पायथॉनमध्ये याला काही तास लागणे स्वाभाविक आहे.

यातून पुढची दिशा दिसते. ८ लाख कडांचा पूर्ण शोध घेऊन आपण एकच काम मार्गी लावतो आहोत. एका शोधातून शेकडो वाटा काढता आल्या पाहिजेत.

पाऊलखुणा

त्रिज्याताईंनी जिथे सोडले तिथूनच पुढे जातो, कारण एका शोधातून अनेक वाटा काढणे हीच डिनिट्झ यांची कल्पना आहे. येफिम डिनिट्झ यांनी ती १९७० मध्ये सोव्हिएत संघात प्रसिद्ध केली. अॅडेल्सन-वेल्स्की यांच्या वर्गात दिलेल्या एका स्वाध्यायातून ती सुचली, असे त्यांनी स्वतःच नंतर लिहिले आहे. पुढे शिमॉन ईव्हन यांच्या व्याख्यानांतून ती जगभर पोहोचली आणि त्या प्रवासात नावाचा उच्चार डिनिक असा रूढ झाला. एडमंड्स आणि कार्प यांचे काम यापासून स्वतंत्रपणे झाले होते, आणि डिनिट्झ यांची मर्यादा एन² × एम ही त्याहून सरसच होती.

पद्धत अशी आहे. सोर्सपासून एकदा बीएफएस करून प्रत्येक नोडला पातळी द्यावी. सोर्स शून्यावर, त्याचे शेजारी एकवर, आणि याप्रमाणे पुढे. त्यानंतर फक्त एका पातळीवरून लगेच पुढच्या पातळीवर जाणाऱ्या कडा वापरायच्या, आणि त्या मर्यादित जाळ्यात एकही वाट शिल्लक राहणार नाही इतका प्रवाह भरून घ्यायचा. याला अडवणारा प्रवाह म्हणतात. तो भरला की एक टप्पा संपला. पुन्हा बीएफएस, पुन्हा नव्या पातळ्या. प्रत्येक टप्प्यानंतर सोर्स ते सिंक हे अंतर किमान एकाने वाढते, म्हणून टप्पे एन पेक्षा जास्त होऊच शकत नाहीत.

तुमच्या जाळ्यात तर टप्पे याहून फार कमी होतील, आणि ते का, हे समजून घेण्यासारखे आहे. सोर्स आणि सिंक सोडून प्रत्येक नोडमधून जास्तीत जास्त किती प्रवाह जाऊ शकतो ते पाहा. कामातून १, माणसातून ८. सगळ्यांची बेरीज २०,००० अधिक २४,००० म्हणजे ४४,००० येते आणि तिचे वर्गमूळ सुमारे २१० आहे. समजा २१० टप्पे झाले. आता सोर्सपासून सिंकपर्यंतची सर्वांत छोटी वाटही २१० कडांहून लांब आहे. जितका प्रवाह अजून वाढायचा बाकी आहे, तो अशा लांब वाटांमध्ये विभागला, तर प्रत्येक एकक किमान २१० आतील नोडांमधून जाईल. पण सगळ्या नोडांची मिळून ऐपतच ४४,००० आहे, म्हणून उरलेला प्रवाह सुमारे २१० एककांहून अधिक असू शकत नाही, आणि दर टप्प्यात किमान एक एकक वाढते. म्हणजे एकूण टप्पे ४२० च्या आसपास, तेही अगदी प्रतिकूल परिस्थितीत. प्रत्येक टप्प्याचे काम ८ लाख कडांच्या प्रमाणात धरले, तर ३३.६ कोटी होतात. १६ अब्जांशी तुलना करून पाहा.

ही नोडांच्या ऐपतीची युक्ती कार्झानोव्ह यांनी १९७३ मध्ये मांडली आणि ईव्हन व टार्जन यांनी १९७५ मध्ये एकक क्षमतेच्या जाळ्यांचे असेच विश्लेषण केले. प्रत्येक माणसाने एकच काम घ्यायचे असते, तर हाच अल्गोरिदम हॉपक्रॉफ्ट-कार्प म्हणून ओळखला गेला असता. कमाल प्रवाहाच्या या शाखेत आपल्याकडील कामही आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. मल्होत्रा, प्रमोद कुमार आणि माहेश्वरी यांनी १९७८ मध्ये आयआयटी कानपूरमधून अडवणारा प्रवाह एन² वेळात शोधण्याची अतिशय सुटसुटीत रीत दिली, आणि त्यामुळे संपूर्ण अल्गोरिदम एन³ मध्ये बसतो. तुमचे जाळे विरळ असल्यामुळे तुम्हाला तिची गरज नाही, परंतु ती एकदा वाचावीच.

दीर्घवृत्त

दोघांचेही आभार. वर्गमुळाचा युक्तिवाद कागदावर मांडून पाहिला आणि तो पटला. काल रात्री डिनिक लिहिला. बीएफएसने पातळ्या ठरवतो, मग सोर्सपासून डीएफएस करतो, वाट मिळाली की प्रवाह सोडतो आणि पुन्हा सोर्सपासून नवी डीएफएस सुरू करतो. टप्पे खरोखरच कमी होताना दिसतात, परंतु एकेक टप्पा काही मिनिटे चालतो आणि वेळेचा फायदा अपेक्षेच्या जवळपासही नाही. कुठे चुकतो आहे?

पाऊलखुणा

तुमच्या वर्णनात एक गोष्ट आलेली नाही, आणि बहुधा ती प्रोग्राममध्येही नसावी. नवी डीएफएस सुरू होते तेव्हा प्रत्येक नोडच्या कडांची यादी आपण पहिल्यापासून तपासता का?

एक नोड जवळून पाहा. त्याच्यापासून ५०० कडा निघतात आणि त्यांतील पहिल्या ३०० या टप्प्यात पुढे कुठेही पोहोचत नाहीत. पहिल्या वेळी त्या ३०० तपासणे अटळ आहे. पण ३०१ व्या कडेने वाट मिळाल्यानंतर याच नोडवर पुन्हा आलो, तर त्याच ३०० पुन्हा तपासणे हे वाया गेलेले काम आहे. टप्पा चालू असताना पातळ्या बदलत नाहीत आणि नव्याने निर्माण होणारी उलटी कड खालच्या पातळीकडे जाते, त्यामुळे एकदा निष्फळ ठरलेली कड त्या टप्प्यात पुन्हा कधीही फळत नाही. म्हणून प्रत्येक नोडसाठी एक दर्शक ठेवायचा, तो चालू कडेवर थांबलेला असतो आणि टप्पा सुरू होताना एकदाच शून्यावर आणला जातो. डिनिकच्या गुंतागुंतीचा सारा हिशेब या दर्शकावर उभा आहे. तो वगळला तर नाव डिनिकचे राहते आणि वेग मात्र राहत नाही.

दर्शक हलवतानाही काळजी घ्यावी. कड निष्फळ ठरली किंवा पूर्ण भरली तरच तो पुढे न्यावा. प्रवाह गेला पण कडेत क्षमता शिल्लक आहे, अशा वेळी तो पुढे नेला तर टप्प्यातील काही वाटा निसटतात. शेवटचे उत्तर तरीही बरोबर येते, कारण सिंक गाठता येत नाही हे बीएफएस ठरवते, परंतु टप्प्यांची संख्या विनाकारण वाढत जाते. उत्तर बरोबर येत असल्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे लपून राहू शकते. माझ्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये ती दोन वर्षे होती.

आणखी दोन बाबी. सुलटी आणि उलटी कड एकाच यादीत शेजारी ठेवाव्यात, ० आणि १, २ आणि ३, अशा जोडीने, म्हणजे क्रमांकाचा शेवटचा बिट उलटला की जोडीदार सापडतो, वेगळा शोध लागत नाही. आणि पायथॉनमध्ये डीएफएस स्वतःच्या स्टॅकने लिहावी. पुढच्या टप्प्यांत वाटा लांब होतात आणि रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची) मर्यादा अचानक ओलांडली जाते.

उत्तरायण

धाग्यात आतापर्यंत वाट शोधणाऱ्या पद्धतींचीच चर्चा झाली आहे, म्हणून दुसऱ्या घराण्याबद्दल लिहितो. अँड्र्यू गोल्डबर्ग आणि रॉबर्ट टार्जन यांनी १९८६ मध्ये मांडलेले पुश-रिलेबल सोर्सपासून सिंकपर्यंतची पूर्ण वाट कधी शोधतच नाही. प्रत्येक नोडला उंची दिलेली असते, सोर्स एन उंचीवर असतो आणि सिंक शून्यावर. सोर्सपासून निघणाऱ्या सर्व कडा सुरुवातीलाच पूर्ण भरून टाकतात, त्यामुळे शेजारच्या नोडांवर जास्तीचा प्रवाह साचतो. ज्या नोडवर असा साठा आहे तो आपल्याहून एका पायरीने खाली असलेल्या शेजाऱ्याकडे प्रवाह ढकलतो. खाली कोणीच नसेल तर स्वतःची उंची वाढवतो. सिंकपर्यंत जे पोहोचू शकत नाही ते उंच होत होत शेवटी सोर्सकडे परत वाहून जाते. पाण्याच्या उताराची ही कल्पना इतकी सरळ आहे की मला हा अल्गोरिदम सर्वांत सुंदर वाटतो.

साठा असलेल्या नोडांपैकी सर्वांत उंच नोड आधी हाताळला, तर काम एन² गुणिले एमचे वर्गमूळ एवढ्यात आवरते. परंतु केवळ पाठ्यपुस्तकातील वर्णनावरून लिहिलेले पुश-रिलेबल प्रत्यक्षात निराशा करते, कारण नोड एकेक पायरीने उंच होत राहतात. दोन सुधारणा अनिवार्य समजाव्यात. ठरावीक कामानंतर सिंकपासून उलटा बीएफएस करून सर्व उंची पुन्हा मोजाव्यात. आणि एखाद्या उंचीवर एकही नोड उरला नाही तर त्याच्या वरच्या सर्व नोडांना सिंककडे जाण्याचा मार्ग नाही हे ओळखून त्यांना एकदम एनच्या वर उचलावे. चेरकास्की आणि गोल्डबर्ग यांनी नव्वदच्या दशकात केलेल्या प्रयोगांत या सुधारणांचे महत्त्व स्पष्ट दिसले.

तरीही दीर्घवृत्त यांच्या जाळ्यासाठी मी डिनिकच सुचवेन. जाळे तीनच थरांचे आहे, वाटा छोट्या आहेत आणि कामांची क्षमता १ आहे. डिनिकला अनुकूल अशा सगळ्या गोष्टी येथे जमल्या आहेत. दाट जाळे, मोठ्या आणि विषम क्षमता, लांब वाटा असे चित्र असते, तर माझे उत्तर वेगळे झाले असते. प्रतिमांतील आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी करण्यासाठी जी जाळी वापरतात, त्यांत पिक्सेलांची नियमित चौकट असते, आणि तिथे बॉयकोव्ह व कोल्मोगोरोव्ह यांची २००४ मधील पद्धत बरीच वर्षे पहिली पसंती होती, जरी तिची सैद्धांतिक मर्यादा डिनिकहून वाईट आहे. जाळ्याचा घाट पाहिल्याशिवाय अल्गोरिदम निवडू नये, असे मी आग्रहाने म्हणतो ते यामुळेच.

दीर्घवृत्त

पाऊलखुणा, आपला अंदाज तंतोतंत बरोबर होता. दर्शक नव्हता. तो घातला, डीएफएस स्टॅकवर आणली, कडा जोडीने ठेवल्या, आणि तोच प्रोग्राम ११ टप्प्यांत, वीस सेकंदांच्या आत संपला. मला आकडा दोनदा तपासून पाहावा लागला.

आता नवी शंका आहे. प्रवाह १९,६४० आला. एकूण क्षमता २४,००० असताना ३६० कामे मागे का राहावीत? एडमंड्स-कार्पचे उत्तरही हेच होते, त्यामुळे प्रोग्राम चुकत असेल असे वाटत नाही, परंतु हा आकडा ज्यांना सांगायचा आहे त्यांना मी "कॉम्प्युटर असे म्हणतो" एवढेच कारण देऊ शकत नाही.

त्रिज्या

ते देण्याची वेळ येणारही नाही, कारण कमाल प्रवाहाच्या उत्तरासोबत त्याचा पुरावाही हाती येतो. माझ्या मते या विषयातील सर्वांत मौल्यवान गोष्ट हीच आहे, आणि वेगाच्या चर्चेत ती मागे पडते.

फोर्ड आणि फुलकर्सन यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले की कमाल प्रवाह हा किमान कटाएवढाच असतो. कट म्हणजे जाळ्याचे दोन भाग करणे, एकात सोर्स आणि दुसऱ्यात सिंक. पहिल्या भागातून दुसऱ्यात जाणाऱ्या कडांच्या क्षमतांची बेरीज ही त्या कटाची किंमत. या प्रश्नाचा उगमही कटाशीच बांधलेला आहे. १९५५ मध्ये हॅरिस आणि रॉस यांनी रँड या अमेरिकी संशोधन संस्थेसाठी एक गोपनीय अहवाल लिहिला, ज्यात सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातील रेल्वेचे जाळे ४४ नोड आणि १०५ कडांमध्ये मांडले होते, आणि त्यातील अरुंद गळा १,६३,००० टनांचा निघाला होता. वाहतूक किती होऊ शकते यापेक्षा ती कुठे तोडता येईल, यात त्यांना रस होता. तो अहवाल १९९९ मध्ये खुला झाला. सुदैवाने तुम्हाला तोच गळा रुंद करण्यासाठी शोधायचा आहे.

डिनिक संपल्यानंतर शेवटचा बीएफएस सिंकपर्यंत पोहोचत नाही. तो ज्या नोडांपर्यंत पोहोचला त्यांची यादी काढा. तीच कटाची सोर्सकडील बाजू आहे. मात्र त्याआधी एक दुरुस्ती करावी: कामापासून माणसाकडे जाणाऱ्या कडांना क्षमता १ दिली असेल तर ती बदलून खूप मोठी करावी, उदाहरणार्थ १ कोटी. कामात येणारी कडच १ क्षमतेची असल्याने प्रवाह बदलणार नाही, परंतु किमान कट या मधल्या कडांमधून जाऊ शकणार नाही आणि त्याचा अर्थ स्वच्छ लागेल. यादीत जी कामे येतील, ती ज्यांना ज्यांना जमतात अशी सर्व माणसे यादीत असतील आणि त्यांतील प्रत्येकाची ८ ची मर्यादा भरलेली असेल. कामांच्या संख्येतून त्या माणसांची एकूण क्षमता वजा केली की बरोबर ३६० उरले पाहिजेत.

दीर्घवृत्त

यादी काढली. १,८८० कामे आणि १९० माणसे. १९० गुणिले ८ म्हणजे १,५२०, आणि १,८८० वजा १,५२० म्हणजे ३६०. ही सर्व कामे एकाच प्रकारच्या कौशल्याची आहेत हे यादी पाहताक्षणी कळले. उरलेल्या २,८१० माणसांची संख्या दुप्पट केली तरी यांतले एकही काम अधिक मार्गी लागणार नाही, हे मला आता कोणालाही कागदावर दाखवता येईल.

कदंब

धागा वाचताना एक प्रश्न पडला. २०२२ मध्ये कमाल प्रवाह जवळजवळ रेषीय वेळात (म्हणजे जवळजवळ कडांच्या संख्येच्या प्रमाणात) सुटतो, असे सिद्ध झाल्याचे वाचले होते. मग अजूनही १९७० चे अल्गोरिदम का सुचवले जाते?

उत्तरायण

प्रश्न रास्त आहे. चेन, किंग, ल्यू, पेंग, प्रोब्स्ट गुटेनबर्ग आणि सचदेवा यांचे ते काम या क्षेत्रातील फार मोठी झेप आहे, आणि ते किमान खर्चाच्या प्रवाहालाही लागू पडते. त्याआधीचा प्रवास पाहिला म्हणजे झेपेचा अंदाज येतो: सर्व जाळ्यांसाठी एन × एम एवढी मर्यादा गाठायला ऑर्लिन यांचे २०१३ मधील काम यावे लागले होते. नव्या पद्धतीत प्रवाह वाटेवाटेने वाढवत नाहीत. आंतरिक बिंदू पद्धतीने (शक्य उत्तरांच्या क्षेत्राच्या आतून सर्वोत्तम उत्तराकडे सरकत) तो हळूहळू सुधारत नेतात आणि प्रत्येक पावलाला लागणारे लाभदायक चक्र सतत बदलत्या डेटा स्ट्रक्चरमधून अत्यंत कमी वेळात शोधून काढतात. परंतु ती रचना फार गुंतागुंतीची आहे आणि सूत्रात दडलेले गुणक मोठे आहेत. लाखो कडांच्या जाळ्यावर नीट लिहिलेला डिनिक ११ टप्प्यांत थांबत असेल, तर प्रत्यक्षातील काम आधीच रेषीयच्या जवळ आहे. त्या संशोधनाचे मोल निर्विवाद आहे. प्रोग्राममध्ये वापरण्यासाठी मात्र आज मी डिनिक आणि पुश-रिलेबल यांच्यातूनच निवड करेन.

पुढे कधी कामांना पसंतीक्रम आला, म्हणजे प्रत्येक जोडीला खर्च जोडला, तर साधा डिनिक पुरणार नाही. तेव्हा दर वेळी सर्वांत स्वस्त वाट शोधावी लागते. उलट्या कडांचा खर्च ऋण असल्यामुळे डायक्स्ट्रा (सर्वांत स्वस्त वाट शोधणारा अल्गोरिदम) थेट चालत नाही, पण नोडांना योग्य पोटेन्शियल (खर्चात दुरुस्ती करणारी संख्या) दिले की सर्व खर्च शून्य किंवा त्याहून अधिक होतात आणि चालतो. तुमच्या आकारासाठी नेटवर्क सिम्प्लेक्सही उत्तम.

त्रिज्या

दीर्घवृत्त, एक काम अजून करून पाहा. आता सिंकपासून उलट दिशेने शोध घ्या आणि जे नोड उर्वरित जाळ्यातून सिंकपर्यंत पोहोचू शकत नाहीत, त्यांची यादी काढा. हादेखील किमान कटच असतो, आणि पहिली यादी त्यात पूर्ण सामावलेली असते. दोन्ही याद्या एकच निघाल्या तर कट एकमेव आहे. वेगळ्या निघाल्या तर फरकाचा भाग लक्षपूर्वक पाहावा. पहिल्या यादीतील माणसाची मर्यादा वाढवली की प्रवाह लगेच वाढतो, कारण त्या माणसापर्यंत सोर्सपासून वाट आधीच पोहोचलेली आहे. फक्त दुसऱ्या यादीत असलेल्या माणसाची मर्यादा वाढवून काही मिळत नाही, परंतु ती कमी केली तर मात्र तोटा होतो. त्या गटात कामे आणि क्षमता काठोकाठ जुळलेल्या असतात.

दीर्घवृत्त

दुसऱ्या यादीत पहिलीखेरीज ३२० कामे आणि ४० माणसे अधिकची निघाली. ४० गुणिले ८ म्हणजे नेमके ३२०. हा गट अडचणीत असू शकतो, याची आम्हा कोणालाच कल्पना नव्हती, कारण त्यांचे एकही काम मागे राहिलेले नव्हते.

तपासणी म्हणून तीन वेळा प्रोग्राम चालवला. पहिल्या गटातील एका माणसाची मर्यादा ८ वरून ९ केली तेव्हा प्रवाह १९,६४१ आला. ती पूर्ववत करून या ४० पैकी एकाची ९ केली तेव्हा १९,६४० वरच राहिला. त्याच माणसाची ७ केली तेव्हा १९,६३९ आला.